सासरच्यांच्या पूर्वजांचा शोध : एकाच नावाचे दोन विल्यम, आपला कोणता?

मेघना_लीड्स

नमस्कार मंडळी,

विषय जरा आडवळणाचा आहे. पण इंग्लंडात वर्षानुवर्षं राहणारे आणि जुन्या कागदांत रमणारे, दोन्ही प्रकारचे लोक इथे आहेत, म्हणून इथेच विचारते.

नवरा यॉर्कशरचा. सासूबाईंना आपलं मूळ शोधायची हुक्की आली. त्यांचं आणि कॉम्प्युटरचं जमत नाही, त्यामुळे काम सुनेच्या गळ्यात. जनगणनेवरून मागे जाणं सोपं गेलं. 1911, 1901, 1891 असं करत 1851 पर्यंत पोचले. तिथे हॅलिफॅक्सजवळ एक विल्यम सापडला. आडनाव लिहीत नाही, कारण सासरच्यांना विचारलेलं नाही. त्या खोऱ्यात दगड भिरकावला तर याच आडनावाच्या कुणाला तरी लागेल एवढंच सांगते. वय 43, धंदा हातमागावर विणकाम, जन्मगाव सोवरबी. 1841 मध्ये त्याचं वय 30 लिहिलंय आणि 1861 मध्ये 52. आता बोला!

त्याच्या मागे चर्चची दप्तरं. आणि तिथे एकाला दोन विल्यम. एकाचा बाप्तिस्मा नोव्हेंबर 1807 मध्ये हॅलिफॅक्सच्या मोठ्या चर्चात, बापाचं नाव जॉन. दुसऱ्याचा मे 1808 मध्ये सोवरबीच्या चॅपलमध्ये, बाप जोसेफ. नाव-आडनाव तंतोतंत तेच. विल्यमचं लग्न 1831 मध्ये झालं, पण त्या नोंदीत बापाचं नावच नाही. मुलांच्या नावांवरून काही सुगावा लागेल म्हणून पाहिलं, तर थोरल्याचं नाव जॉन आणि धाकट्याचं जोसेफ!

इंटरनेटवर लोकांनी टाकलेल्या वंशवेलींत बहुतेकांनी जोसेफचा विल्यम धरलाय, 'जन्मगाव सोवरबी' एवढ्यावरून. मला ते पटत नाही. अशा वेळी जाणकार काय करतात?

टवाळ_पोर

विणकराचा धागा आहे, दोन पदर असायचेच.

गवती_चहा

विषयाची काही माहिती नाही, पण 1841 ला तीस आणि दहा वर्षांनी त्रेचाळीस? या माणसाला घाई होती का?

नॉटिंगहॅमचा_नाना

@गवती_चहा, घाई त्याला नव्हती, सरकारला होती. 1841 च्या जनगणनेत मोजणीदारांना सांगितलं होतं की पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय खालच्या पाचाच्या पटीत लिहा. म्हणजे 33 चा माणूस 30, 39 चा 35. काही मोजणीदारांनी हे पाळलं, काहींनी खरं वय लिहिलं. त्यामुळे विल्यमचं 1841 मधलं 30 आणि 1851 मधलं 43 यांत काही भांडण नाही. 1861 चं 52 एका वर्षाने चुकतंय, तेवढं चालायचंच.

1841 मध्ये आणखी दोन उणिवा आहेत. घरातल्या माणसांचं एकमेकांशी नातं लिहिलेलं नाही, आणि जन्मगावाऐवजी फक्त 'याच काउंटीत जन्म झाला का, हो की नाही'. त्यामुळे घरातली तिशीची बाई बायको आहे की बहीण, हे आपण ठरवायचं. एक तिरकी रेघ म्हणजे कुटुंब संपलं, दोन रेघा म्हणजे इमारत संपली. त्यात सगळं पेन्सिलीने लिहिलेलं, जागोजागी पुसट झालेलं.

खरी उपयोगाची जनगणना 1851 पासून. नातं, लग्न झालंय की नाही, वय आणि जन्माची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. ती 30 मार्च 1851 च्या रात्रीची आहे, म्हणजे 43 वर्षांचा माणूस मार्च 1807 अखेर ते मार्च 1808 अखेर या काळात जन्मलेला. मे 1808 चा बाप्तिस्मा त्यात बसतो, कारण बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे. दोन-चार महिन्यांनी व्हायचा, कधी चार भावंडांचा एकदम. तेव्हा वयावरून तुमचा निकाल लागणार नाही.

जुना_दप्तरी

मेघनाताई, तुमची शंका रास्त आहे. आता प्रश्न उलटा करा. आपला विल्यम कोणता ते शोधू नका. कोणता विल्यम आपला असूच शकत नाही, ते शोधा. दोघांचाही पुढचा प्रवास काढायचा. एक जण लहानपणीच मातीत गेलेला सापडला, किंवा 1851 मध्ये दुसऱ्याच घरात जिवंत सापडला, की तो बाद.

सुरुवात दफनाच्या नोंदींपासून, 1807 ते 1831. तेव्हा लहान मुलं फार जायची. 1813 च्या आधी दफनात वय बहुधा नसतं, पण मूल असेल तर 'जोसेफचा मुलगा विल्यम' असं लिहितात आणि आपल्याला तेच हवंय. 1813 पासून रोझच्या कायद्याने छापील रकाने आले. दफनात वय आणि राहण्याचं ठिकाण, बाप्तिस्म्यात बापाचा धंदा.

मग मूळ पानाचं चित्र पाहा. संकेतस्थळावरच्या नावांच्या अनुक्रमणिकेवर थांबू नका. हॅलिफॅक्स हे इंग्लंडातल्या सगळ्यात मोठ्या पॅरिशांपैकी एक होतं आणि सोवरबी त्याच पॅरिशमधली टाउनशिप, म्हणजे पॅरिशचा एक छोटा विभाग. सोवरबीच्या बाळाचा बाप्तिस्मा हॅलिफॅक्सच्या मोठ्या चर्चात होणं हे अगदी नेहमीचं. म्हणजे 'जन्मगाव सोवरबी' हा पुरावा जोसेफच्या बाजूचा आहे असं ज्यांनी धरलं, त्यांनी पॅरिशचा नकाशा पाहिलेला नाही. मोठ्या चर्चच्या दप्तरात बापाच्या नावाशेजारी टाउनशिप लिहिलेली असण्याची बरीच शक्यता आहे.

शेवटी लग्नाची नोंद. हार्डविकचा लग्नांबद्दलचा कायदा 1754 मध्ये अमलात आला, तेव्हापासून नवरा-नवरी आणि किमान दोन साक्षीदार सही किंवा फुली करतात. साक्षीदार कोण आहेत?

मेघना_लीड्स

@जुना_दप्तरी, खूप आभार. लग्न हॅलिफॅक्सच्याच चर्चात आहे, दोघांची फुली. एक साक्षीदार पुरुष, त्याची सही झकास आहे. दुसरी हॅना, आडनाव विल्यमचंच, तिचीही फुली.

जुना_दप्तरी

झकास सहीवाल्याला सोडा. आधीची आणि नंतरची पानं उलटा, बहुतेक तो प्रत्येक लग्नात दिसेल. तो चर्चचा कारकून. लग्नाला कुणी ओळखीचा नसेल तरी हा हजर. हॅनाचं मात्र सोनं आहे. जॉन आणि जोसेफ या दोघांच्याही मुलांची यादी काढा आणि हॅना कुणाच्या घरात आहे ते बघा. पण त्या आडनावाच्या हॅनाही त्या खोऱ्यात पुष्कळ असतील, तेव्हा एकट्या तिच्यावर सगळं टांगू नका. ती आदल्या वर्षी लग्न करून घरात आलेली भावजयही असू शकते.

ब्रॅडफर्डची_बाय

मी फ्रीरेज या संकेतस्थळासाठी जुन्या चर्चच्या नोंदी उतरवून देण्याचं काम करते, स्वयंसेवक म्हणून. रोज त्याच अक्षरांशी झटापट. त्यामुळे थोडं लांबलचक लिहिणार आहे.

दप्तरं सुरू झाली 1538 मध्ये, आठव्या हेन्रीच्या काळात थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने. पण पहिल्या वर्षापासूनची मोजक्याच पॅरिशांची उरली आहेत. सुरुवातीला साध्या कागदावर लिहायचे. 1598 पासून चर्मपत्रावर उतरवून घ्या असा हुकूम निघाला. त्यामुळे सोळाव्या शतकातलं जे आज दिसतं ते बरेचदा मूळ नसून नक्कल असते. शेक्सपिअरची 26 एप्रिल 1564 ची बाप्तिस्म्याची प्रसिद्ध नोंदसुद्धा 1600 च्या सुमाराला उतरवलेल्या प्रतीतली आहे. त्याच सुमारापासून दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धत पडली. या बिशपच्या प्रती फार कामाच्या. मूळ पान उंदरांनी खाल्लं असेल तर त्या वाचवतात, आणि मूळ पान असलं तरी ताडून पाहायला हव्यात, कारण उतरवणाऱ्याने कधी गाळलंय, कधी भर घातली आहे. मेघनाताई, तुमच्या भागाच्या प्रती यॉर्कमध्ये बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. हॅलिफॅक्स तेव्हा यॉर्कच्या धर्मप्रांतात होतं.

1653 ते 1660 हा क्रॉमवेलचा (हा ऑलिव्हर, वरचा थॉमस नव्हे) काळ म्हणजे खड्डा. पाळकांकडून काम काढून सरकारी नोंदणीदार नेमले, बऱ्याच ठिकाणी त्या वर्षांचं काहीच मिळत नाही.

1783 मध्ये सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला. गरिबांना माफी. झालं, काही पॅरिशांत एकाएकी गरिबांची संख्या वाढली! पाळकच कनवाळू होते म्हणा. 1794 मध्ये कर गेला.

आणि यॉर्कशरवाल्यांसाठी खास: विल्यम डेड नावाच्या पाळकाने 1770 च्या दशकात नोंदीचा एक भरगच्च नमुना तयार केला. बाळ कितवं, जन्म कधी, आईचं माहेरचं नाव, दोन्हीकडचे आजोबा, त्यांचे धंदे, गावं. यॉर्कच्या आर्चबिशपने 1777 पासून तो वापरायची शिफारस केली. सगळ्यांनी ऐकलं नाही, मोठ्या गर्दीच्या पॅरिशांना ते झेपणारंही नव्हतं. पण तुमच्या दोन बापांपैकी कुणाच्या बायकोचं माहेर अशा एखाद्या छोट्या पॅरिशमध्ये निघालं तर एका नोंदीत तीन पिढ्या मिळतील. 1813 चे छापील रकाने आले आणि हे वैभव संपलं. कारकुनाला बरं, आपल्याला वाईट.

टवाळ_पोर

बाय, एवढं लिहून तुम्ही 'थोडं' म्हणता, मग जास्त म्हणजे काय चर्मपत्रावर?

कोल्हापुरी_ठसका

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. गोऱ्यांच्या खापरपणजोबांचा बाप जॉन होता की जोसेफ याने आपल्याला काय फरक पडतो? आपल्यातल्या किती जणांना स्वतःच्या पाच पिढ्यांची नावं सांगता येतील? वहिनींनी हाच वेळ माहेरच्या मोडी कागदांवर घालवला असता तर आपल्या भाषेत भर पडली असती.

मेघना_लीड्स

दादा, राग नाही. पण माझ्या मुलीचा तो खापरपणजोबाच्याही मागचा पूर्वज आहे, आणि मुलगी माझीच आहे. माहेरचं म्हणाल तर आजोळच्या कुलवृत्तांतात आमच्या पिढीपर्यंत सगळे पुरुष आहेत. बायका मात्र नुसत्या 'कन्या'. इकडे 1808 च्या फुली करणाऱ्या विणकरणीचंही नाव सापडतं, हे मला जरा लागलं.

पाटीवरची_रेघ

@मेघना_लीड्स +1

@कोल्हापुरी_ठसका, त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वह्यांत आमच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या निघाल्या. पण त्यात तीर्थाला गेलेलेच येतात. ज्याच्याकडे प्रवासाला पैसे नव्हते तो वहीत नाही. इंग्लंडातल्या चर्चच्या दप्तरात गावातला भिकारीसुद्धा पुरला गेला की येतो, हा फरक आहे.

नॉटिंगहॅमचा_नाना

@पाटीवरची_रेघ, तुम्ही मुद्द्याचं बोललात. माझ्या अनुभवात (बायकोचं घराणं, नॉटिंगहॅमशर) सगळ्यात जास्त माहिती मिळाली ती कंगालांची. खाऊनपिऊन सुखी शेतकरी बाप्तिस्मा, लग्न, दफन या तीन ओळींत संपतो. त्याने मृत्युपत्र केलं असेल तर चौथी. गरीब मात्र गावच्या डोळ्यांवर यायचा.

कारण असं की गरिबाला पोसायची जबाबदारी ज्या-त्या पॅरिशवर, कर भरणाऱ्यांच्या पैशातून. 1662 च्या कायद्याने ठरलं की माणूस 'मुळात कुठला' ते पाहायचं आणि खर्च त्या गावाने करायचा. मग बाहेरचा कुणी आजारी पडला, बेकार झाला, की त्याला न्यायाधीशापुढे उभं करून जबानी घ्यायची. जन्म कुठे झाला, बाप कुठला, उमेदवारी कुणाकडे केली, वर्षभराची चाकरी कुठे धरली, भाडं किती भरलं. अडाणी मजुराचं अख्खं आयुष्य एका पानात, आणि खाली त्याची फुली. पटलं नाही तर हद्दपारीचा हुकूम, बायकापोरांसकट. एका गरोदर बाईला प्रसूतीच्या तोंडावर शेजारच्या गावात नेऊन सोडल्याचं मी वाचलंय, कारण मूल ज्या हद्दीत जन्मेल त्या हद्दीवर त्याचा बोजा. अनौरस मुलाच्या बापाकडून पॅरिशने लिहून घेतलेले करारही असतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाप नाही आणि करारात त्याचं नाव-गाव-धंदा सगळं.

मेघना, उत्तरेकडे हा कारभार पॅरिशऐवजी टाउनशिप बघायच्या. म्हणजे सोवरबीचे कागद सोवरबीचे. हातमागवाल्यांचे 1820 नंतर यंत्रमागाने हाल झाले, तेव्हा तुमचा विल्यम किंवा त्याचा बाप कधीतरी मदत मागायला गेला असणं अगदी शक्य आहे. हॅलिफॅक्सच्या अभिलेखागारात विचारा.

ऋतुगंध

अवांतर होतंय, पण एक गंमत सांगते. माझ्या इंग्लिश मैत्रिणीच्या घराण्यात लग्न जून 1720 चं आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1720 चा. तिची आजी इतकी हिरमुसली की विचारू नका. मग कुणीतरी सांगितलं की 1752 च्या आधी इंग्लंडात वर्ष 25 मार्चला बदलायचं. म्हणजे तो फेब्रुवारी जूनच्या नंतरचा, आपल्या हिशेबाने 1721. आजीचा जीव भांड्यात पडला. जून ते फेब्रुवारी आठ महिने होतात हे आम्ही तिला सांगितलं नाही.

गवती_चहा

@ऋतुगंध :) :)

ब्रॅडफर्डची_बाय

आठ महिने म्हणजे त्या काळी आदर्श! पोटुशी नवरी हा प्रकार दप्तरांत इतका आहे की उतरवताना भुवईसुद्धा वर जात नाही.

शून्य_शंका

एवढे कष्ट कशाला? डीएनए चाचणी करा, नवऱ्याची आणि सासूबाईंची. जॉनचे वंशज जुळले की जॉन, जोसेफचे जुळले की जोसेफ. चर्चचा पाळक झोपेत लिहू शकतो, डीएनए नाही.

जुना_दप्तरी

@शून्य_शंका, ऐकायला छान आहे. एवढ्या मागच्या पूर्वजाचा अंश आज फारच थोडा उरतो, आणि त्याच्या दुसऱ्या शाखेतल्या वंशजाशी तो जुळेलच याची खात्री नाही. शिवाय जॉन आणि जोसेफ चुलतभाऊ निघाले तर दोघांचेही वंशज जुळतील आणि ताई होत्या तिथेच. त्या खोऱ्यात चार-पाच आडनावं एकमेकांत लग्न करत होती. आणि जुळणाऱ्यांनी त्यांच्या वंशवेली कुठून आणल्या? त्याच इंटरनेटवरून, जिथे सगळ्यांनी एकमेकांचा जोसेफ उचललाय.

शून्य_शंका

वाय गुणसूत्राची चाचणी? ती बापाकडून मुलाकडे जशीच्या तशी जाते.

जुना_दप्तरी

तिला सलग पुरुषांची रेघ लागते, आणि ताईंनी सासूबाईंच्या बाजूचा शोध म्हटलंय. सासूबाईंना भाऊ किंवा चुलता असेल आणि विल्यमपर्यंत मध्ये एकही बाई नसेल तर चालेल. कागद संपल्यावर करा, आधी नको.

नाखवा_क्रॉयडन

मंडळी, एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष नाही. सोवरबी एकच नाही! हॅलिफॅक्सजवळचं एक आणि थर्स्कला लागून आणखी एक. दोन्ही यॉर्कशर. जनगणनेत नुसतं 'यॉर्कशर, सोवरबी' लिहिलं असेल तर?

दुसरं, तुमचा विणकर मेथडिस्ट वगैरे नव्हता कशावरून? कॅल्डर खोरं म्हणजे त्यांचा बालेकिल्ला. हेप्टनस्टॉलचं अष्टकोनी मेथडिस्ट चॅपल 1764 चं आहे, अजून उभं आहे. चर्चबाहेरच्या या पंथांची दप्तरं 1837 च्या सुमाराला सरकारने मागवून घेतली, ती आता लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि ऑनलाइन दिसतात. तिथे तिसरा विल्यम बसलेला असू शकतो. लग्न मात्र चर्चात झालं म्हणून फसू नका. 1754 ते 1837 क्वेकर आणि ज्यू सोडले तर सगळ्यांना कायदेशीर लग्नासाठी चर्चातच जावं लागायचं.

टवाळ_पोर

दोनाचे तीन झाले. रात्री झोपण्यापूर्वी चौथा येईल.

पेन्शनर_खडकी

मी या बाबतीत दुसऱ्या टोकाला बसलेलो आहे. खडकीला आयुष्य गेलं, नोकरी कॅन्टोन्मेंटातली. दर थंडीत कुणीतरी साहेबाचा पणतू हातात कागद घेऊन कबर शोधत यायचा. सुरुवातीला नवल वाटायचं, नंतर मीच त्यांच्याबरोबर फिरायला लागलो. बरेचसे निराश होत, कारण साध्या सोल्जरच्या कबरीवर दगड कुठला? कॉलऱ्यात गेलेले एका रांगेत पुरलेले.

त्यांच्याकडूनच कळलं की मुंबई इलाख्यातल्या पाद्र्यांनी बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला लंडनला पाठवायच्या असा कंपनीच्या काळापासूनचा रिवाज. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन मालिका, आपली तिसरी. पुण्याचं सेंट मेरी 1825 पासूनचं, त्यातल्या नोंदीही तिकडे. म्हणजे कबर इथे, कागद तिथे. फिबिस म्हणून एक संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावर यातलं बरंच फुकट शोधता येतं.

मेघनाबाई, विणकरांची पोरं पोट भरेना म्हणून पलटणीत भरती व्हायची. तुमच्या विल्यमचा एखादा भाऊ जनगणनेतून एकदम गायब झाला असेल तर इकडेही नजर टाका.

लेस्टरवाला

पेन्शनर काका, उलट दिशेनेही मजा आहे. जनगणनेत आडनाव रिकामं ठेवून जन्मठिकाणात 'बॉम्बे' किंवा 'पूना' टाकून शोधा. सोल्जरांची, रेल्वेवाल्यांची पोरं ढिगाने निघतात. मी एकदा असाच रात्री बसलो आणि पहाट झाली. बायकोने विचारलं काय सापडलं, म्हटलं काही नाही, ओळखीचे कोणी नव्हते.

मेघना_लीड्स

पेन्शनर काका, सुंदर माहिती. नक्की बघते.

थोडी प्रगती सांगते. नाखवांच्या शंकेचं आधी: 1851 च्या पानावर नुसतं सोवरबी आहे, पण 1871 मध्ये त्याच माणसापुढे 'हॅलिफॅक्स, सोवरबी' लिहिलंय. थर्स्क बाद.

हॅलिफॅक्सचं मूळ पान पाहिलं. जॉनच्या नावाशेजारी सोवरबी लिहिलेलं आहे! अनुक्रमणिकेत ते आलेलंच नाही. जॉनला 1805 ची एक हॅना आहे. जोसेफच्या मुलांत हॅना नाही.

आणि दफन. 1810, सोवरबी चॅपल, 'जोसेफचा मुलगा विल्यम'.

टवाळ_पोर

अरेरे. आणि हो, अभिनंदन.

शून्य_शंका

झालं की मग! जॉन विजयी. पेढे कुठे?

जुना_दप्तरी

थांबा. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची तिकडे सर्रास पद्धत होती. जोसेफला 1810 नंतर आणखी एक विल्यम झाला का ते बघा. झाला असेल तर 1851 चं वय त्याला बसणार नाही हे खरं, पण वयांवर इतका भरवसा मी ठेवत नाही.

मेघना_लीड्स

तुम्ही म्हणालात तसंच आहे. 1811 मध्ये जोसेफचा दुसरा विल्यम. मी डोक्याला हात लावला. पण मग 1851 ची सोवरबीची पानं एकेक करून वाचली, शोधयंत्रावर न विसंबता. तिथे एका घरात जोसेफ, विधुर, वय 74, आणि त्याच्याबरोबर मुलगा विल्यम, अविवाहित, वय 39. शोधात तो आला नव्हता, कारण उतरवणाऱ्याने आडनावाचं पहिलंच अक्षर चुकीचं वाचलंय.

म्हणजे जोसेफचा एक विल्यम 1810 मध्ये गेला, दुसरा 1851 मध्ये बापाजवळ राहतोय, आणि आमचा विल्यम त्याच रात्री दुसऱ्या घरात बायको आणि मुलांसह. आता?

जुना_दप्तरी

आता जोसेफ गेला. हे काम चोख झालं. मेथडिस्ट दप्तरं चाळा, त्याशिवाय जॉन पक्का म्हणू नका. तोवर वंशवेलीत 'बहुधा' असं लिहून ठेवा, आणि का ते दोन ओळींत लिहा. पुढच्या माणसाला उत्तरापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

ब्रॅडफर्डची_बाय

जॉनचा शेवट कुठे झाला? 1837 च्या जुलैनंतर गेला असेल तर सरकारी मृत्यूनोंद असेल, आणि तिच्यात खबर देणाऱ्याचं नाव असतं. तिथे विल्यम निघाला तर मेथडिस्टांनाही विचारायला नको. इतकी जुनी नोंद डिजिटल प्रतीत मिळते, कागदी दाखल्यापेक्षा स्वस्त पडते. 1841 मध्ये जॉन दिसतोय का ते आधी बघा, म्हणजे साल आवळता येईल.

त्या चुकलेल्या अक्षराची दुरुस्ती त्या संकेतस्थळावर जरूर सुचवा हं. आम्ही उतरवणारे शिव्या खाऊन सुधारतो.

कोल्हापुरी_ठसका

वर मी जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण जोसेफ आणि त्याचा 39 वर्षांचा बिनलग्नाचा पोरगा वाचून चैन पडेना. 1861 मध्ये त्याचं काय झालं?

मेघना_लीड्स

बघते दादा. :)

बाय, जॉन 1841 मध्ये आहे, वय 65, विणकरच. 1851 मध्ये नाही. मधल्या दहा वर्षांत त्या नावाचे हॅलिफॅक्समध्ये मृत्यू किती निघतात ते आता अनुक्रमणिकेत मोजत बसलेय. 1837 पासूनच्या मृत्यूंची वयं सरकारी अनुक्रमणिकेत दिसतात, त्यामुळे लहान मुलं तरी वगळता येतील. उरलेल्यांत पासष्टी ओलांडलेले चार जॉन आहेत. चारही मागवावेत की दफनाच्या नोंदींत आधी गाव बघावं?

ब्रॅडफर्डची_बाय

आधी दफन. 1813 नंतरचं आहे, राहण्याचं ठिकाण लिहिलेलं असणारच. सोवरबीचा जो निघेल तेवढाच मागवा.

गवती_चहा

मेघनाताई, तुमच्या धाग्यात घुसखोरी करते. आमच्या घरात सांगतात की पणजीची मावशी पुण्यातल्या एका साहेबाच्या मुलांना सांभाळायला आया म्हणून होती आणि त्यांच्याबरोबर बोटीने विलायतेला गेली. ती परत आली की नाही यावर अजून दोन मतं आहेत. असं माणूस कुठे सापडेल का? साल साधारण 1905 ते 1912.

नाखवा_क्रॉयडन

@गवती_चहा, अवघड आहे पण अशक्य नाही. इंग्लंडात उतरणाऱ्या प्रवाशांच्या याद्या 1878 पासूनच्या आहेत, ऑनलाइनही. अडचण ही की आयांचं नाव बहुधा लिहितच नाहीत. साहेबिणीचं नाव आणि पुढे नुसतं 'आया'. म्हणजे आधी साहेबाचं आडनाव हवं. ते घरात कुणाला आठवतंय का? 1911 ची जनगणना 2 एप्रिलची, ती बाई त्या रात्री इंग्लंडात असेल तर साहेबाच्या घरात किंवा लंडनमध्ये हॅक्नीच्या 'आयाज होम'मध्ये असू शकते. काम संपलेल्या, परतीच्या बोटीची वाट बघणाऱ्या आया तिथे राहायच्या.

पेन्शनर_खडकी

साहेबाचं आडनाव नसेल तर पलटण किंवा खातं तरी विचारा. लष्करातला, रेल्वेचा की कलेक्टर कचेरीतला? बंगला कुठे होता, घोरपडीला की खडकीला? एवढं कळलं तरी मी इकडे पाहू शकतो.

गवती_चहा

काका, आत्याला फोन लावते. तिला बंगल्यातल्या कुत्र्याचं नाव माहीत आहे, साहेबाचं नाही.

टवाळ_पोर

कुत्र्याची जनगणना 1911 मध्ये होती का हो, नाना?

नॉटिंगहॅमचा_नाना

विनोद म्हणून विचारलंस, पण 1911 चा फॉर्म घरमालकाने स्वतःच्या हाताने भरलेला जसाच्या तसा जपलाय. त्याआधीचे घरोघरचे फॉर्म नष्ट झाले, आपण पाहतो त्या मोजणीदारांच्या वह्या. 1911 मध्ये लोकांनी मनाला येईल ते लिहिलंय. मताधिकार मागणाऱ्या बायकांनी तर 'मत नाही तर जनगणना नाही' असं आडवं लिहून फॉर्म परत केले. तेव्हा गवतीताई, तुमच्या साहेबाचं घर सापडलं तर मूळ फॉर्मचं चित्र जरूर उघडा.

संपादक

आयांचा विषय वेगळा धागा होण्याजोगा आहे. गवती_चहा, कृपया नवीन धागा काढा, वरचे पाच-सहा प्रतिसाद तिकडे हलवतो. इथे विल्यमचं चालू द्या.